टेस्टोस्टेरॉन भरपूर, शुक्राणू शून्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या एका चाचणीचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सात देशांतल्या दहा केंद्रांमध्ये २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन दिलं गेलं. सहा महिन्यांच्या आत त्यांतल्या १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. पुढे वर्षभरापर्यंत या पुरुषांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी दुसरं कोणतंही गर्भनिरोधक वापरलं नाही. सगळ्यांचे मिळून १,४८६ महिने भरले आणि तेवढ्या काळात गर्भ राहिला तो एकदाच. पुरुषत्वाचं संप्रेरक म्हणून ज्याचा बोलबाला आहे, ते बाहेरून टोचलं की गर्भनिरोधकाचं काम करतं, हे तेव्हापासून आकड्यांनिशी सिद्ध आहे.

तरीही मूल होत नाही म्हणून आलेल्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन लिहून देणारे डॉक्टर आहेत. अमेरिकेतल्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे एक चतुर्थांश जणांनी वंध्यत्वावर आपण ते वापरतो किंवा वापरू, असं सांगितलं होतं. तज्ज्ञांची ही गत, तर जिममध्ये शेजारच्या मुलाच्या सांगण्यावरून इंजेक्शन घेणाऱ्या पंचविशीतल्या तरुणाला काय दोष द्यायचा! या सगळ्याच्या मुळाशी एकच समजूत आहे: रक्तात टेस्टोस्टेरॉन जितकं जास्त, तितके शुक्राणू जास्त. ती का चुकते, हे कळायला शुक्राणू कुठे, कुणाच्या हुकमाने आणि किती दिवसांत तयार होतात ते पाहावं लागतं.

समजूत रुजली त्याला इतिहासाचाही हातभार आहे. गॉटिंगेनच्या आर्नोल्ड बर्थोल्ड यांनी १८४९ मध्ये कोंबड्यांचे वृषण काढून ते पोटात दुसऱ्या जागी रोवले, तरी त्यांचा तुरा आणि आरवणं शाबूत राहिलं. मज्जातंतू तुटलेले असताना परिणाम टिकला, म्हणजे वृषणातून रक्तात काहीतरी उतरत असलं पाहिजे. १८८९ मध्ये ब्राउन-सेकार्ड या नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञाने वयाच्या ७२ व्या वर्षी कुत्र्याच्या आणि गिनिपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परतल्याचं जाहीर केलं. पाण्यात काढलेल्या त्या अर्कात टेस्टोस्टेरॉन नावापुरतंच असणार, पण ‘शक्तीच्या इंजेक्शना’ची कल्पना तिथून जी पसरली ती आजतागायत. १९३५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला लाकर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळं केलं आणि त्याच वर्षी बुटेनान्ट आणि रुझिच्का यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं. या दोघांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या साऱ्या काळात लोकांची नजर खिळली होती ती तुऱ्यावर, आवाजावर आणि स्नायूंवर. शुक्राणूंच्या निर्मितीची सूत्रं मेंदूच्या बुडाशी आहेत, हे फिलिप स्मिथ यांनी उंदरांच्या पिट्यूटरी ग्रंथी काढून दाखवलं, ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस. ग्रंथी गेली की वृषण आक्रसत.

पिट्यूटरीतून दोन संप्रेरकं रक्तात येतात, एलएच आणि एफएसएच. त्यांची नावं स्त्रीच्या बीजकोशातल्या कामावरून पडली आहेत, म्हणून पुरुषाच्या रिपोर्टात ती पाहून अनेकांना प्रयोगशाळेची चूक झाल्यासारखं वाटतं. चूक नसते, रेणू तेच असतात. पिट्यूटरीला हुकूम देतो तो तिच्यावरचा हायपोथॅलॅमस. त्याचं संप्रेरक जीएनआरएच, अवघ्या दहा अमिनो आम्लांची साखळी. तिची रचना १९७१ मध्ये उलगडली. अँड्र्यू शॅली यांनी डुकरांचे आणि रॉजर गिलमिन यांनी मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस लाखांच्या संख्येने गोळा करून हे काम केलं. १९७७ चं नोबेल या दोघांना रोझलिन यॅलो यांच्यासह मिळालं. यॅलो यांची किरणोत्सारी मापनपद्धत नसती, तर रक्तातली ही सूक्ष्म मात्रा मोजताच आली नसती.

जीएनआरएच किती सुटतं यापेक्षा ते कोणत्या तालात सुटतं, हे महत्त्वाचं. अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७८ मध्ये ऱ्हीसस माकडांवर दाखवलं की तासातासाला थोडं थोडं दिलं तर पिट्यूटरी व्यवस्थित काम करते आणि तेच सतत ठिबकत ठेवलं तर एलएच, एफएसएच दोन्ही बसतात. रस्त्यावर अखंड वाजणाऱ्या हॉर्नकडे कुणी वळून पाहत नाही, तसंच काहीसं. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन पाडण्यासाठी दिली जाणारी इंजेक्शनं याच तत्त्वावर चालतात. प्रौढ पुरुषात हा ठोका साधारण दीड-दोन तासांनी पडतो. तो कोण पाडतो, याचा मोठा धागा २००३ मध्ये हाती आला. ज्या कुटुंबांत मुलं वयातच येत नव्हती, त्यांच्यात किसपेप्टिन या रेणूचा निरोप झेलणाऱ्या ग्राहीत दोष सापडला.

जीएनआरएच बनवणाऱ्या चेतापेशी मुळात मेंदूत जन्मत नाहीत. गर्भात त्या नाकाच्या भागात तयार होतात आणि वासाच्या मज्जातंतूंच्या आधाराने मेंदूत पोचतात. ही वाट अडली तर मुलाला वास येत नाही आणि तो वयातही येत नाही. फ्रान्झ कॅलमन यांनी १९४४ मध्ये असा दोष असलेल्या कुटुंबांचं वर्णन केलं आणि विकाराला त्यांचं नाव मिळालं. आपल्याकडे अशा मुलाबद्दल घरात म्हणतात, ‘याच्या वडिलांनाही मिशी उशिराच फुटली होती.’ तसं असूही शकतं. पण अठराव्या वर्षीही आवाज फुटला नसेल तर थांबू नये. जाणता डॉक्टर अशा वेळी आधी विचारतो, ‘फोडणीचा वास येतो का रे तुला?’ या एका प्रश्नाने निदान पुष्कळ जवळ येतं, आणि हे निदान फार मोलाचं आहे. का, ते पुढे येईलच.

आता प्रत्यक्ष वृषणात. एका वृषणात केसासारख्या बारीक नलिकांची गुंडाळी असते, उलगडली तर काहीशे मीटर भरेल. नलिकांच्या भिंतीत शुक्राणूंच्या मूळ पेशी आणि त्यांना कवेत घेणाऱ्या उंच सर्टोली पेशी. एन्रिको सर्टोली यांनी त्या १८६५ मध्ये वर्णिल्या. नलिकांच्या बाहेर, मधल्या फटींत लायडिग पेशी. एलएचचा निरोप मिळताच त्या टेस्टोस्टेरॉन बनवतात. शेजारच्या सर्टोली पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की त्या सांध्यापलीकडे रक्तातली कोणतीही गोष्ट मनमानी शिरू शकत नाही. हा पडदा गरजेचाही आहे. शुक्राणू पौगंडावस्थेत पहिल्यांदा तयार होतात, शरीराच्या प्रतिकारयंत्रणेची त्यांच्याशी लहानपणापासूनची ओळख नसते आणि पडदा नसता तर तिने त्यांना परके ठरवलं असतं.

या रचनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी: शुक्राणू होऊ घातलेल्या पेशींवर टेस्टोस्टेरॉनचा ग्राही नसतो आणि एफएसएचचाही नसतो. दोन्ही संप्रेरकं ऐकतात त्या सर्टोली पेशी, आणि मग त्या आपल्या कवेतल्या पेशींना पोसतात, विभागू देतात, वेळ आली की सोडतात. २००४ मध्ये उंदरांच्या फक्त सर्टोली पेशींतून टेस्टोस्टेरॉनचा ग्राही काढला गेला. नलिका होत्या, मूळ पेशी होत्या, पण अर्धसूत्री विभाजनाच्या टप्प्यावर काम ठप्प झालं आणि शुक्राणू तयारच झाले नाहीत.

या सर्टोली पेशींना लागणारं टेस्टोस्टेरॉन शेजारच्या लायडिग पेशींतून थेट मिळतं. त्यामुळे वृषणातली त्याची पातळी रक्तातल्या पातळीच्या जवळजवळ शंभरपट असते. सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर या शंभरपटीत आहे. इंजेक्शन दिलं की रक्तातली पातळी वाढते, मेंदूला वाटतं माल पुरेसा आहे, जीएनआरएच मंदावतं, एलएच आणि एफएसएच जवळपास शून्यावर येतात. एलएच नाही म्हणून लायडिग पेशी गप्प होतात. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, माणूस दिसायला धडधाकट, दाढी दाट. वृषणात मात्र दुष्काळ. २००५ मध्ये निरोगी पुरुषांना तीन आठवडे टेस्टोस्टेरॉन देऊन, बारीक सुईने वृषणातला द्राव काढून हे मोजलं गेलं. आतली पातळी ९४ टक्क्यांनी घसरली होती. त्याच प्रयोगात काहींना सोबत एचसीजी दिलं होतं. हे गरोदरपणातलं संप्रेरक एलएचच्याच ग्राहीवर काम करतं. दिवसाआड २५० युनिट एवढ्या लहान मात्रेनेही आतली पातळी जवळपास पूर्ववत राहिली. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन तपासून वृषणातल्या पातळीचा अंदाज बांधायचा नसतो, हे याहून स्वच्छ दाखवणारा प्रयोग माझ्या पाहण्यात नाही.

वेळेचा हिशेबही इथेच सांगायला हवा. मूळ पेशीपासून शुक्राणू घडायला माणसात सुमारे ७४ दिवस लागतात. हेलर आणि क्लेरमाँ यांनी तो आकडा १९६० च्या दशकात काढला. त्यानंतर वृषणावरच्या अधिवृषण नावाच्या नलिकेत पक्व व्हायला आणखी आठ-पंधरा दिवस. आजच्या वीर्यतपासणीत दिसते ती अडीच-तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या कामाची अवस्था. कडक तापाचा फटका काही आठवड्यांनी दिसतो आणि औषधाचा गुण तीन महिन्यांआधी दिसत नाही. पंधरा दिवसांत काउंट वाढवून देतो म्हणणाऱ्याकडे म्हणूनच पुन्हा जाऊ नये.

टेस्टोस्टेरॉनबद्दल एकमत आहे. एफएसएच शुक्राणूंसाठी किती गरजेचं, याबद्दल मात्र शास्त्रज्ञ अर्धशतक भांडत आहेत आणि त्या भांडणात आपल्या देशाचाही वाटा आहे. वृषणातून टेस्टोस्टेरॉनखेरीज आणखी काहीतरी पिट्यूटरीकडे जातं, असं १९३२ मध्ये मॅक्युलाह यांनी सुचवलं आणि त्या न सापडलेल्या पदार्थाला इन्हिबिन हे नाव दिलं. सर्टोली पेशी इन्हिबिन सोडतात आणि ते फक्त एफएसएचला आवर घालतं. ते शुद्ध स्वरूपात मिळायला १९८५ उजाडलं. मधल्या काळात परळच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनमध्ये अनिल शेठ यांच्या गटाने वीर्यद्रवातून इन्हिबिनसारखं काम करणारं प्रथिन वेगळं केलं होतं. ते प्रोस्टेटमधून येणारं वेगळंच प्रथिन निघालं आणि त्याचं संशोधन पुढे प्रोस्टेटच्या कर्करोगाकडे वळलं. परळच्या प्रयोगशाळेत हा शोध एवढ्या पुढे नेला गेला होता, हे मराठी वाचकांना क्वचितच माहीत असतं.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एन. आर. मौदगल यांचं म्हणणं होतं की माणसासारख्या प्राण्यात एफएसएच अडवलं तरी पुरुष वंध्य होईल आणि त्याचं टेस्टोस्टेरॉन, कामेच्छा, स्नायू यांना धक्का लागणार नाही. दक्षिणेत आणि कोकणातही दिसणाऱ्या लाल तोंडाच्या माकडांना त्यांनी एफएसएचविरुद्ध लस दिली. नर वंध्य झाले. १९९७ मध्ये त्यांनी मोजक्या पुरुष स्वयंसेवकांवरची प्राथमिक चाचणी प्रसिद्ध केली, मेंढीच्या एफएसएचची लस देऊन. पुरुषांच्या गर्भनिरोधकाची ती अगदी वेगळी वाट होती.

त्याच १९९७ मध्ये दोन उलटे पुरावे आले. ज्या उंदरांत एफएसएच बनवणारं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांचे वृषण लहान राहिले, शुक्राणू कमी झाले, पण नरांना पिल्लं झाली. आणि फिनलंडमध्ये ज्यांच्या एफएसएचचा ग्राही जन्मजात निकामी आहे असे पाच पुरुष सापडले. ज्या स्त्रियांत हा दोष आधी कळला, त्यांचे बीजकोश काम करत नव्हते. पुरुषांची वीर्यतपासणी कमी-अधिक बिघडलेली होती, पण शून्य कुणाचीच नव्हती आणि दोघे तर बाप झालेले होते. दुसऱ्या पारड्यात जर्मनीतून १९९६ साली नोंदवलेला एक पुरुष आहे. गाठीमुळे त्याची पिट्यूटरी काढलेली, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू. नियमाने त्याचे शुक्राणू संपायला हवे होते. ते उत्तम होते आणि त्याला मुलंही झाली. त्याच्या एफएसएचच्या ग्राहीत असा बदल होता की संप्रेरक नसतानाही तो चालूच राहत होता.

हे सगळे पुरावे एकत्र मांडले तर माझ्या मते चित्र असं दिसतं: शुक्राणू पूर्ण घडतो की नाही, हे वृषणातलं टेस्टोस्टेरॉन ठरवतं, किती घडतात, हे मुख्यतः एफएसएच ठरवतं. फिनलंडच्या पाच जणांमुळे एफएसएच अनावश्यक ठरवणं मला पटत नाही, कारण त्यांचं वीर्य चांगलं नव्हतंच. पण केवळ एफएसएच अडवून भरवशाचं गर्भनिरोधक होईल, ही मौदगलांची आशाही त्या पाचांनी कमकुवत केली, हे मान्य करावं लागतं. कारण न सापडलेल्या कमी काउंटमध्ये एफएसएचची इंजेक्शनं द्यावीत का, हा आजचा व्यावहारिक प्रश्न याच वादाचा वारस आहे. काही चाचण्यांत गर्भधारणा थोड्या वाढलेल्या दिसतात, पण चाचण्या लहान आहेत आणि इंजेक्शनं महाग. जोडप्याला हे पैशांसकट समजावून सांगितलं पाहिजे.

एफएसएचचं सर्वांत मोठं काम कदाचित बालपणातच उरकतं. एक सर्टोली पेशी ठराविक शुक्राणूंनाच पोसू शकते. म्हणून पुरुषाची कमाल क्षमता सर्टोली पेशींच्या संख्येवर ठरते. ती संख्या गर्भात, जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत आणि पुन्हा वयात येण्याच्या सुमारास वाढते, मग कायमची थांबते. जन्मल्यावर दोन-तीन महिन्यांच्या बाळाचं टेस्टोस्टेरॉन जवळपास मोठ्या माणसाएवढं चढतं. तरी शुक्राणू बनत नाहीत, कारण त्या वयात सर्टोली पेशींवर टेस्टोस्टेरॉनचा ग्राहीच नसतो. त्यांना फक्त वाढायचं असतं. वृषण खाली उतरलेले नसतील तर शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत करा असं बालशल्यचिकित्सक सांगतात, ते या कोवळ्या पेशींना पोटातल्या उष्णतेपासून वाचवण्यासाठी. ‘मोठा झाला की उतरेल’ म्हणत शाळेच्या वयापर्यंत थांबणाऱ्या घरांनी हे ऐकायला हवं.

दवाखान्यात या ज्ञानाचा उपयोग फार साध्या साधनांनी होतो. आंद्रेआ प्रेडर या स्विस डॉक्टरांची एक माळ असते: दोरीत ओवलेले बारा अंडाकृती मणी, १ मिलिलिटरपासून २५ पर्यंत. एका हाताने वृषण चाचपायचं, दुसऱ्या हाताने त्याच्याइतका मणी शोधायचा. प्रौढात साधारण १५ ते २५. वृषणाचा बहुतेक भाग शुक्राणूंच्या नलिकांचा असल्यामुळे हा मणी पुष्कळ काही सांगून जातो. सोबत रक्तातलं एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन. शुक्राणू शून्य, मणी लहान, एफएसएच चढलेलं: मेंदू ओरडतो आहे, पण वृषण ऐकू शकत नाही. जवळपास सहाशे मुलग्यांत एकाला असणारा, जादा एक्स गुणसूत्राचा क्लाइनफेल्टर विकार यात वरचेवर सापडतो. अशांना संप्रेरकांचा फारसा उपयोग नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली वृषणात शुक्राणूंचे तुरळक कप्पे शोधावे लागतात. शुक्राणू शून्य, पण मणी आणि एफएसएच नेहमीसारखे: बहुधा निर्मिती ठीक, वाट बंद. आणि शुक्राणू शून्य, मणी लहान, पण एफएसएच, एलएचही खाली: वृषण वाट पाहत आहेत, हुकूमच आलेला नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचा रिपोर्ट या शेवटच्या ओळीत बसतो, फरक इतकाच की त्याचं रक्तातलं टेस्टोस्टेरॉन कमी नसतं. म्हणून ‘जिमला जातोस का, तिथे काही घेतोस का’ हे पत्नीला आणि आईला बाहेर बसवून विचारावं. आपल्याकडे तपासण्यांची सुरुवात सुनेपासून होते आणि मुलाची साधी वीर्यतपासणी दोन-तीन वर्षं राहून जाते. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो, हे माहीत असूनही हा अन्याय चालू आहे.

नसबंदीची भीतीही यातूनच विरावी. संप्रेरकं रक्तातून जातात, शुक्रवाहिनीतून नाही. वाहिनी कापली तरी लायडिग पेशींना त्याचा पत्ताही लागत नाही.

टेस्टोस्टेरॉन बंद केल्यावर काय होतं, याचं उत्तर गर्भनिरोधक चाचण्यांतून मिळालं. २००६ मध्ये अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला दोन कोटींवर परतायला मध्यम काळ साडेतीन महिन्यांच्या आसपास निघाला. वर्षात दहांपैकी नऊ जण परतले, दोन वर्षांत सगळे. जिममधल्यांना हा दिलासा जसाच्या तसा लागू नाही: त्यांच्या मात्रा कैक पट असतात, औषधं अनेक आणि वर्षं जास्त.

संप्रेरकांवर आधारलेलं पुरुषांचं गर्भनिरोधक मात्र अजून औषधाच्या दुकानात पोचलेलं नाही. एकट्या टेस्टोस्टेरॉनने सगळ्यांचेच शुक्राणू शून्यावर येत नाहीत, आशियाई पुरुषांत शून्यावर येणाऱ्यांचं प्रमाण जास्त असतं, म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं दुसरं औषध जोडलं गेलं. अशा जोड-इंजेक्शनची ३२० पुरुषांवरची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात भारतीय जोडपीही होती. गर्भनिरोध उत्तम झाला, पण मनःस्थितीतले बदल आणि इतर त्रास पाहून सुरक्षा समितीने २०११ मध्येच ती थांबवली होती. तीन चतुर्थांशांहून जास्त पुरुषांनी आपण हे वापरायला तयार आहोत असं सांगितलं होतं. बायका साठ वर्षं गोळ्यांचे असेच त्रास सोसत आल्या आहेत, हे आठवलं की त्या निर्णयाबद्दल मन अस्वस्थ होतं. सध्या खांद्याला रोज लावायच्या, नेस्टोरॉन हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध आणि टेस्टोस्टेरॉन असलेल्या जेलकडे सगळ्यांचं लक्ष आहे.

आणि ज्याला फोडणीचा वास येत नव्हता, त्या मुलाचं? पुरुषाच्या वंध्यत्वात कारणावर थेट औषध आहे असे विकार मोजके, त्यांत हा एक. आठवड्यातून दोन-तीनदा एचसीजी, काही महिन्यांनी जोडीला एफएसएच. वृषणातलं टेस्टोस्टेरॉन चढतं, मणी मोठा होत जातो, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीतरी पहिले शुक्राणू दिसतात. संख्या बहुधा कमीच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली खालची रेषा मिलिलिटरला १ कोटी ६० लाखांची आहे. या पुरुषांच्या घरी त्याच्या निम्म्याच संख्येवरही पाळणा हलतो. मूल झालं की ही महागडी इंजेक्शनं थांबवून त्यांना पुन्हा टेस्टोस्टेरॉनवर आणतात. दुसरं मूल हवं असेल, तर पुन्हा एचसीजीपासून सुरुवात.